कडता

ज्यानं मोंढ्यात कापूस घातलाय त्याला कडता काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. गाडी काट्यावर चढते. मापाडी वजन पुकारतो. लिहिणारा लिहितो. अन् मग व्यापारी म्हणतो, क्विंटलमागं एवढे किलो कडता. ओल आहे म्हणून कडता. कवडी आहे म्हणून कडता. कचरा आहे म्हणून कडता. काहीच काढता आलं नाही तर रीत आहे म्हणून कडता. माल तुमच्या रानातला असतो, काट्यावर चढलेला असतो, चारचौघांनी डोळ्यानं बघितलेला असतो. फक्त पावतीवर येत नाही.

मी सहा हंगाम झाले जिनिंगमध्ये काम करतोय. मानवतच्या बाजूला. दिवाळीच्या आगंमागं मिल सुरू होते, एप्रिलात बंद पडते. कापूस ओढायचा, जिनला घालायचा, रुई एकीकडं, सरकी एकीकडं. रुई प्रेसला जाते अन् प्रेसमधून गाठ निघते. एक गाठ १७० किलोची. क्विंटलभर कापसातून रुई निघते ३४-३५ किलो, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे एका गाठीपोटी पाच क्विंटल कापूस आमच्या हाताखालून जातो. शाळा नववीत सुटली. त्यानंतर जे काय वाचलं ते विहारातल्या कपाटातलं अन् रद्दीतलं. कविता करतो. या खेपेला कविता मागितली होती, पण दोस्तहो, मी हिशोब पाठवतोय. हिशोब एका उन्हाळ्याचा आहे. २०२४ चा उन्हाळा, ताडकळसचं आमचं घर, अन् घरात येऊ घातलेलं लेकरू.

त्याआधी मागची दोन खाती उघडावी लागतात.

पहिलं खातं आज्जीचं. १९७२ ला पावसानं दगा दिला. त्याच साली परभणीला कृषी विद्यापीठ उभं राहिलं अन् त्याच साली आमची आज्जी खडी फोडायला गेली. सरकारनं दुष्काळी कामं काढली होती. कुठं रस्ता, कुठं पाझर तलाव, कुठं नुसती खडी. खायला लाल मिलो, लेकरांना सुकडी. याच कामांतून रोजगार हमी वाढली अन् १९७७ ला तिचा कायदा झाला. आज्जी तेव्हा वीसेक वर्षांची. १९७३ च्या वैशाखात माझा बाप जन्मला, तो खडीच्या ढिगाआड. दोन बायांनी लुगडं धरून आडोसा केला. आज्जी सांगते, "सकाळी हातात हातोडा व्हता, दुपारी लेकरू." पाचव्या दिवशी ती परत कामावर. का गेलीस म्हणून मी एकदा विचारलं. म्हणली, "घरी बसून काय खाऊ? भाकर खडीतच व्हती बाबा."

खडीचा ढीग मोजायला टेप होता. इंचाइंचानं मोजून ब्रास काढायचे. माझ्या बापाला तोलायला कुणाकडं काटा नव्हता. आज्जीचे चार खाडे पडले, चार दिवसांची मजुरी गेली. माझ्या बापाच्या जन्माची सरकारी कागदावर जी काय नोंद झाली ती एवढीच. मायचे चार खाडे.

दुसरं खातं मायचं. १९९७ चा डिसेंबर, कापूस वेचणीचे दिवस. नववा महिना भरत आला तरी माय दुसऱ्याच्या रानात कापूस वेचत होती. किलोवर मजुरी. माझ्या जन्माला दाई आली, तेल अन् खोबरं घेऊन गेली. पंधराएक दिवसांनी मालकाच्या दारापुढं खेडा खरेदीचा काटा लागला. माय राहिलेली मजुरी मागायला गेली, मी तिच्या पदरात. मापाडी चेष्टेनं म्हणला, "टाक त्याला बी पारड्यात." टाकलं. दोन किलोला पण कमी भरलो. मापाडी म्हणला, "हे तर कडत्यातच जातंय." सगळे हसले. माय पण हसली म्हणे.

हा शब्द मी तिथून उचललाय.

बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ मध्ये बाळंतिणीची भूक लिहून ठेवलीय. १९८६ ला त्याचं पुस्तक झालं. ते वीरगावचं, पुरंदर तालुक्यातलं. मी ते मिलच्या शेडमध्ये बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणली, "हे तर आपल्या आज्जीचं लिहिलंय." वीरगाव अन् ताडकळस यांच्यामध्ये अर्धा महाराष्ट्र आहे. भुकेला तेवढं अंतर काहीच नाही.

आता तिसरं खातं.

२०२३ च्या दिवाळीनंतर आम्ही नवराबायको दोघं मिलवर गेलो. राहायला पत्र्याची खोली. बायको कापूस ओढायला अन् कवडी वेचायला. तोंडाला फडकं बांधलं तरी संध्याकाळी थुंकीत रुई यायची. तिची रोजी ३०० रुपये. तिचं नाव मिलच्या वहीत नव्हतं. मुकादमाच्या डायरीत होतं, ते पण माझ्या नावाखाली ‘जोडी’ म्हणून. तिला दिवस गेलेले होते ते आम्हाला तिथं गेल्यावर कळलं.

बायको सातवी शिकलेली. हिशोबाला पक्की. शेडमध्ये कालनिर्णय टांगलेलं होतं. ज्या दिवशी काम केलं त्या तारखेला ती पेनानं गोल करायची. का, तर मुकादम चुकारा करताना आठवड्यातला एखादा दिवस खायचा. ती म्हणायची, "त्याची डायरी त्याच्यापाशी, माझी भिंतीवर." फेब्रुवारीत पोट दिसायला लागलं. २९ तारखेला मुकादम म्हणला, "बाई, उद्यापासून येऊ नको. काही झालं तर माझ्या अंगावर यायचं." त्या दिवशीचा गोल करून तिनं पेन ठेवून दिला. होळीनंतर मी तिला ताडकळसला आणून सोडलं. मी आलो ते २६ एप्रिलला, परभणीचं मतदान होतं त्या दिवशी. मिल बंदच पडत आली होती, परत गेलो नाही.

ताडकळस पूर्णा तालुक्यातलं. काळी माती, बाजारपेठेचं गाव. मे महिन्यात परभणीकडं पारा ४२-४३ ला जाऊन बसतो. आमचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. पत्र्यावर तुराट्या अन् पऱ्हाट्या अंथरून त्यावर दगड ठेवायचे, म्हणजे घर जरा निवतं. दाराला भिजवलेलं गोणपाट. दुपारी बारा ते चार सगळं घर त्या गोणपाटाआड. रात्री अंगणात बाजा. बाजेवर आधी पाणी मारायचं, मग अंथरायचं.

घरात आज्जी, माय, बा, धाकटी बहीण, आम्ही दोघं. अन् सातवं पोटात.

आल्या आल्या गावातल्या आशाताई येऊन बघून गेल्या. रक्त ८.२ भरलं. ते ११ पाहिजे. ताई म्हणल्या, ही नुसती अशक्तपणाची गोष्ट नाही, बाळंतपणात रक्त गेलं तर जिवावर येतं. लोहाच्या गोळ्या दिल्या. रोज घ्यायच्या, चहासोबत नाही घ्यायच्या, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्यायच्या. अन् शी काळी होईल, त्याला घाबरून गोळ्या उकिरड्यावर टाकायच्या नाहीत. हे त्यांनी मुद्दाम सांगितलं, कारण बाया टाकून देतात. बायकोला त्या दिवसांत भाजलेली माती खावी वाटायची. माय म्हणली डोहाळे आहेत. ताई म्हणल्या, डोहाळे नसतील, रक्त कमी असलं की अशी इच्छा होते. उन्हाचं पण सांगितलं. अंगातलं पाणी आटलं तर अवेळी कळा येऊ शकतात. तहान लागायची वाट बघायची नाही, ताक, साखर-मिठाचं पाणी, पन्हं, काही ना काही घोट घोट चालू ठेवायचं.

पाणी प्या म्हणायला सोपं आहे. पाणी आणायचं कुणी?

२०२३ चा पाऊस कमी. हापशाला दहा-बारा दांडे मारले तेव्हा बारीक धार. पहाटे चारला नंबर लावायचा. उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या बाया झोपतात कधी ते कुणी बघितलेलं नाही. आमच्या घरात पाणी मायचं अन् सुनेचं काम. पहिल्याच पहाटे बायको घागर घेऊन निघाली तर आज्जी बाजेवरून उठून दारात उभी राहिली. सत्तरी ओलांडलेली बाई. म्हणली, "घागर खाली ठेव. या घरात पोटुशीनं ओझं उचलायचं ते माझ्यापाशी संपलं."

मग घागर कुणी उचलली? बानं. माझा बाप सायकलला दोन कॅन बांधून हापशावर गेला. बायांच्या रांगेत एकटा गडी. पारावरचे म्हणले, "काय रे, सून आणलीस का सासू?" बा म्हणला, "माझ्या मायनं मला पाचव्या दिवशी झोळीत टाकून खडी फोडली. ते फेडायलोय." त्या दिवसापासून दोन महिने पाणी बाचं. मी दिवसा हळद शिजवायच्या कामावर, संध्याकाळी सरपण अन् धुणं. बहीण दहावीची परीक्षा देऊन घरी होती, भाकरी तिच्याकडं.

बायकोला हे पचेना. मायच्या कुरडया घालायच्या चालल्या होत्या. गव्हाचा चीक शिजवायचा, साच्यातून पाडायचा, सगळी कंबर मोडणारी कामं. बायको उठून उठून यायची. एकदा रडकुंडीला आली.

"आत्याबाई, मला नुसतं बसायची लाज वाटायलीय. सगळे राबतात अन् मी बाजेवर."

माय चीक हलवत होती. मान वर न करता म्हणली, "लाज कशाची? तुझं काम चालूच हाय की. रात्रीची पाळी बी तूच करतीस."

मिलमध्ये तीन पाळ्या असतात. पोटातल्या कामाला एकच पाळी, चोवीस तासांची, नऊ महिने. मी एवढी वर्षं पाळ्या केल्या पण हे गणित मायच्या तोंडून ऐकलं.

लेकराची तयारी मायनं चैत्रातच काढली होती. आज्जीचं जुनं नऊवारी धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं, त्याची झोळी. बाच्या धोतराचे लंगोट. माझ्या मिलच्या शर्टाचे तुकडे घालून वाकळ. दुपारी गोणपाटाआड बसून आज्जी दोरा ओवून द्यायची, म्हणजे ओवायला लावायची अन् आपण हुकूम करायची. डिंक, खारीक, खोबरं थोडं थोडं करून जमवलं, हाळीव अन् बाळंतशेप आणून ठेवली. लहानशी गादी करायची म्हणून कापूस पाहिजे होता. हंगामभर १७०-१७० किलोच्या गाठी रचणाऱ्या माणसानं लेकराच्या गादीसाठी किलोभर कापूस दुकानातून विकत आणला. मिलच्या दारात संध्याकाळी झडती होते. अंगाला चिकटलेली रुई तेवढी घरी येते.

माहेराला पाठवायचं का, हा वाद झाला. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत. तिचं माहेर गंगाखेडच्या पलीकडं. आईबाप ऊसतोडीवरून एप्रिलात परतलेले, गावाला टँकर, दवाखाना लांब. २३ मेला बुद्ध पौर्णिमा होती. विहारात वंदना झाली. रात्री अंगणात बाजेवर पडल्या पडल्या आज्जीनं महामायेची गोष्ट काढली. महामाया बाळंतपणाला माहेराला निघाली होती, देवदहला. वाटेतच लुंबिनीच्या वनात बाळंत झाली. लेकरू वाचलं, सातव्या दिवशी ती गेली. मावशीनं, महाप्रजापती गौतमीनं, लेकराला वाढवलं.

बायको बराच वेळ गप्प होती. मग म्हणली, "राणी असून वाटेतच?"

कुणी काही बोललं नाही. पण सकाळी तिनंच सांगितलं, मी माहेराला जाणार नाही. इथून परभणीला दवाखाना जवळ पडतो. आईला इकडंच बोलवा. रीत मोडली अन् घरावर वीज काही पडली नाही.

२७ मे हा रमाईचा स्मृतिदिन. १९३५ च्या २७ मेला ती राजगृहात गेली. २०२४ च्या त्याच तारखेला दुपारी दहावीचा निकाल लागला अन् बहीण पास झाली. संध्याकाळी विहारात रमाईवर बोलायला मला उभं केलं. मी त्यागावर बोललो नाही. त्यावर सगळे बोलतात. मी नावं वाचली. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. पाच लेकरं झाली, यशवंत तेवढा हाती लागला, चार गेली. परळच्या चाळीतल्या खोलीत हे झालं. राजरत्न गेला तो १९२६ ला.

दोन वर्षांनी, १९२८ च्या जुलैत, मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं. बाबासाहेब बिलाच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बाळंतपणाच्या आधी अन् नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. त्याचा भार सरकारनं उचलावा, पण ज्या मालकाला तिच्या कामाचा फायदा होतो त्यानं पण उचलला पाहिजे. १९२९ ला तो कायदा मुंबई इलाख्यात झाला. आमचा परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. मी ही दोन सालं शेजारी शेजारी ठेवून वाचतो, १९२६ अन् १९२८. त्या भाषणात घरचा काही उल्लेख असो नसो, चार लेकरं पुरलेला बाप विसाव्याची मजुरी मागत होता हे मला दिसतं.

विसाव्याची मजुरी. हे ऐकून विहारातल्या बाया एकमेकीकडं बघायला लागल्या. एक जण मोठ्यानं म्हणली, "असं बी असतं का?"

असतं. घरी येऊन बहिणीनं मोबाईलवर कायदा काढला. दहावी पास झालेल्या पोरीनं घरात वाचलेला पहिला कागद. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा. आम्ही आडवे पडून ऐकत होतो अन् ती शब्द फोडून फोडून सांगत होती.

एक. बाई म्हणजे कोण, तर मालकानं थेट लावलेली किंवा कुणा मध्यस्थामार्फत लावलेली, दोन्ही. म्हणजे मुकादमाची बाई पण बाईच.

दोन. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत तिनं ८० दिवस काम केलेलं पाहिजे. वर्षभर नाही, कायम नाही. ८० दिवस.

तीन. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन लेकरांपर्यंत २६ आठवडे भरपगारी रजा. त्यातले जास्तीत जास्त आठ बाळंतपणाआधी.

चार. गरोदर असताना कामावरून काढलं तरी हा हक्क बुडत नाही.

चौथं ऐकून बायको उठून बसली. ट्रंकेतून दोन कालनिर्णयं काढली, २०२३ चं अन् २०२४ चं. मिलमधून निघताना तिनं ती भिंतीवरून काढून आणली होती. कंदिलासारखा मोबाईल धरून आम्ही गोल मोजले. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. आज्जीनं बोटावर, बहिणीनं वहीत. ९४ भरले.

९४ दिवस. कायद्याला लागतात ८०. चौदा वरचे.

२६ आठवड्यांचे दिवस होतात १८२. रोजी ३०० धरली तर ५४,६००. आमच्या घरात तेवढा आकडा कुणी मोठ्यानं कधी उच्चारला नव्हता. बा म्हणला, "परत वाच."

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी अन् बा कालनिर्णयाच्या झेरॉक्स घेऊन मिलवर गेलो. तिथला मुनीम चांगला बोलला. बसायला सांगितलं, पाणी दिलं. वही काढली, पानं उलटली. म्हणला, "आमच्याकडं या नावाची बाईच नाही." मी म्हणलं, तुम्ही तिला रोज बघितलंय. म्हणला, "बघितलंय की. पण वहीत नाही." झेरॉक्सवर बोट ठेवून हसला. "कॅलेंडरावर बाया दुधाचा पण हिशोब लिहितात."

तेव्हा मला काट्यावरचा कडता पुरता कळला. माणूस डोळ्यासमोर राबलेला असतो, सगळ्यांनी बघितलेला असतो, अन् पावतीवर येत नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती चिडली नाही. म्हणली, "दुधाच्या दिवसाला ‘दू’ लिहिलंय. कामाच्या दिवसाला गोल हाय. त्याला वाचता येत नसंल तर माझ्याकडं आणा."

आम्ही अर्ज केला. पोच घेतली. सोबत साक्षीला बाया पाहिजेत म्हणून मी अकरा जणींच्या दारात गेलो. सगळ्या तिच्या शेजारी राबलेल्या. दोघींनी अंगठा दिला. बाकीच्या नऊ जणी वाईट नाहीत. दिवाळीत त्यांना परत त्याच मुकादमाकडं उभं राहायचंय. अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. लागला की याच पानावर कळवीन.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या रात्री, कळा सुरू झाल्या. आशाताईंनी १०२ ला फोन केला. गाडी आली. आज्जी हट्टानं गाडीत बसली, "मला बघायचंय काट्यावर कसं ठेवतात." परभणीला सरकारी दवाखान्यात पहाटे लेक झाली. रक्त तोवर १०.४ वर आलं होतं. नर्सबाईंनी लेकराला काट्यावर ठेवलं, लाल आकडे हलले अन् थांबले. मोठ्यानं पुकारलं, "दोन किलो सहाशे पन्नास." दुसरीनं लिहून घेतलं. अडीचच्या वर. आज्जी काचेतून बघत होती. मला म्हणली, "पूर्ण लिहिलं का रे? काही कापलं नाही ना?"

पूर्ण लिहिलं होतं.

एकवीस दिवसांच्या आत जन्माची नोंद करायची असते. मी आठव्या दिवशी केली. लेकीचं नाव, तिच्या मायचं नाव, शिक्का, सही. मिलच्या वहीत ९४ दिवसांत जे नाव चढलं नाही ते लेकीनं आठ दिवसांत सरकारी वहीत चढवलं. मातृवंदना योजनेचे ५,००० आले दोन हप्त्यांत, जननी सुरक्षेचे ७०० आले. डिंकाला अन् दुधाला झाले. पण ते सरकारचे. मालकाकडचं खातं कोरंच आहे.

त्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात चार ओळी झाल्या. हिशोबात बसत नाहीत तरी देतो.

आज्जीचे चार खाडे
मायचं हसू काट्यावर
बायकोचे चौऱ्याण्णव गोल भिंतीवर
अन् लेकीच्या मुठीत
आताच आलेला पहिला आकडा.
हात लावू नका त्याला.

आता तुमच्याशी सरळ बोलतो. २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. प्रसूती लाभाचा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. पण ८० दिवस अन् २६ आठवडे तिथं पण तसेच आहेत. कायद्याच्या नावावर कुणी तुम्हाला उडवून लावलं तर हे दोन आकडे पाठ असू द्या. कायदा आहे, बाई आहे, काम आहे. हजेरी नाही. एवढ्या एका भोकातून सगळा हक्क गळून जातो.

अन् हजेरी मांडायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. जयंतीच्या वर्गणीची वही आपण कशी ठेवतो ते आठवा. कुणाचे अकरा, कुणाचे एकावन्न, कुणाचे बाकी. खाडाखोड नाही, खाली दोघांच्या सह्या. हीच वही येत्या दिवाळीला मिलच्या शेडमध्ये, वीटभट्टीवर, उसाच्या फडात उघडा. पानावर बायांची नावं आधी लिहा. नवऱ्याच्या नावाखाली ‘जोडी’ लिहू नका, बाईचं नाव पूर्ण लिहा. रोज संध्याकाळी गोल करा, आठवड्याला तिची सही नाहीतर अंगठा घ्या, अन् शेजारी साक्षीला दोघींचं नाव. एकटीच्या कॅलेंडरावर मुनीम हसतो. चाळीस जणींच्या वहीवर त्याला हसता येणार नाही. नऊ जणी माझ्याकडं अंगठा द्यायला भ्याल्या त्या एकट्या होत्या म्हणून भ्याल्या.

घरात पण बघा. पहाटेच्या घागरी कोण उचलतं, पोटुशी बाई दुपारी किती तास पडते, तिची गोळी चहासोबत जाते का लिंबासोबत. सभेला येताना हे बघून या. माझा बाप भाषण करत नाही. त्यानं दोन महिने पाणी भरलं, अन् रक्त आठावरून दहाच्या वर आलं त्यात गोळ्यांबरोबर ते पाणी पण आहे.

वही कशी आखायची ते बायकोनं ठरवलंय. उभे रकाने सात, आडव्या ओळी चाळीस. नमुना पाहिजे असंल तर ताडकळसला या. उन्हाळ्यात आलात तर आपलं पाणी घेऊन या.

जय भीम.